दुसरी प्रत धुळ्यात

मी जळगावला एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. लॉकडाऊनमध्ये तास ऑनलाइन झाले. समोर मुलांच्या नावांचे काळे चौकोन असायचे आणि मी त्या चौकोनांना अणू-रेणू समजावून सांगायची. त्या काळात लोकांनी बरंच काही केलं. कुणी घरी पाव भाजला, कुणी गच्चीवर कोथिंबीर लावली. मी थोडं बिटकॉइन घेतलं. थोडं म्हणजे त्या वेळी एक बरा फ्रीज आला असता इतकं. फ्रीज आमच्याकडे होता.

माझा नवरा ग्रंथपाल आहे. घरात मिक्सर आला तरी त्याच्यासोबतचं माहितीपत्रक तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. त्याने याही विषयावर वाचलं आणि मला सांगितलं की ज्या कंपनीच्या ॲपवरून घेतलं तिथंच ठेवून द्यायचं नसतं, ते स्वतःच्या पाकिटात काढून घ्यायचं असतं. हे पाकीट म्हणजे फोनमधलं आणखी एक ॲप. ते उघडल्या उघडल्या त्याने पडद्यावर बारा इंग्रजी शब्द दाखवले. साधे शब्द, पहिली-दुसरीच्या पुस्तकातले वाटावेत असे. बनाना, लॅडर, अंकल, विंटर, डाँकी, अंब्रेला वगैरे. खाली सूचना होती. हे बारा शब्द याच क्रमाने जपून ठेवा. फोन हरवला तर हे शब्द नव्या फोनमध्ये घातले की पाकीट परत मिळेल. शब्द हरवले तर मिळणार नाही. शब्द दुसऱ्या कुणाला कळले तर पाकीट त्याचं. तक्रार करायला कुठलंही ऑफिस नाही. फोटो काढू नका. दोन प्रती करा आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

पहिली प्रत आम्ही कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये, माझ्या लग्नातल्या पोहेहाराच्या डबीखाली ठेवली. दुसऱ्या ठिकाणावर नवऱ्याने आठवडाभर विचार केला. स्वयंपाकघरात नको, तिथं उंदीर. त्याच्या वाचनालयात नको, तिथं वाळवी. फैजपूरला माझी नणंद असते, पण तिला दिवाळीच्या आधी कपाटं रिकामी करायची सवय आहे आणि तिच्या तावडीतून एकदा सासऱ्यांची जन्मपत्रिकासुद्धा वाचली नव्हती.

"दुसरं ठिकाण म्हणजे धुळं," शेवटी तो म्हणाला.

धुळ्याला, देवपुरात, माझे आईवडील राहतात. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना तार ऑफिसात होते. तरुणपणी कट्ट-कड कट्ट करत तारा घेतल्या आणि पाठवल्या, पुढं यंत्रं बदलली, पुढं तारच बंद झाली. पण त्याआधीच ते निवृत्त झाले होते. त्यांना इंग्रजी लिहिता-वाचता उत्तम येतं. बोलताना मात्र मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. इंग्रजी ही त्यांच्या दृष्टीने दुसऱ्यांची भाषा होती, आपण फक्त इकडून तिकडे पोचवायची.

मी शब्द लिहिलेला कागद बंद लखोट्यात घालून त्यांना द्यायला गेले होते. त्यांनी तो हातात घेतलाच नाही.

"कागद कशाला? कागद कुणीही वाचतं. सांग मला."

"बारा शब्द आहेत, नाना."

"शुभेच्छांच्या तारा याहून मोठ्या असायच्या."

त्यांनी दार लावून घेतलं. आई स्वयंपाकघरात होती. मी शब्द सावकाश म्हटले आणि ते खुर्चीच्या हातावर बोटाने ठोकत राहिले. प्रत्येक शब्दानंतर बोट थोडं थांबायचं. बनानाला एकदा वर बघून म्हणाले, "हा तुमच्याकडचा." बाकी कशावर काही बोलले नाहीत. हे काय आहे, कितीचं आहे, हेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि बाराही शब्द क्रमाने म्हणून दाखवले, मध्ये मध्ये तारेतल्यासारखं 'स्टॉप' म्हणत. मग कागद माझ्यासमोर फाडला आणि तुकडे तुळशीच्या कुंडीत पुरले.

पुढं मी धुळ्याला गेले की हा कार्यक्रम व्हायचा. फोनवर ते कधीही म्हणायचे नाहीत. फोनवर मधला माणूस ऐकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण कित्येक वर्षं मधला माणूस ते स्वतः होते. गच्चीवर जायचं, आजूबाजूच्या गच्च्यांवर कुणी नाही हे बघायचं, म्हणायचं, खाली यायचं. आईला एवढंच माहीत होतं की बापलेकीचं काहीतरी चालू आहे. तिने विचारलं नाही. पण आम्ही खाली आलो की ती चहा ठेवताना पातेल्याचा आवाज जरा जास्त करायची.

आईचा राग जुना होता, आणि तो माझ्यावर नव्हता. मी लहान असताना तिचे वडील सोनगीरला वारले. त्यांच्या मृत्यूची तार धुळ्याच्या तार ऑफिसात नानांच्याच हातात आली. नानांनी ती उतरवून घेतली, तारवाल्याकडे वाटपाला दिली, आणि सुट्टी झाली म्हणून नेहमीसारखे घरी जेवायला आले. आईने वाढलं. ते जेवले. हात धुऊन दारात उभे राहिले, तेवढ्यात तारवाला आला आणि त्याने तार आईच्या हातात दिली. तार ज्याची त्याला पोचेपर्यंत मधल्या माणसाने तोंड उघडायचं नाही, हा नियम होता. नाना तो नियम सांगतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. आई तो प्रसंग सांगते तेव्हा ती फक्त एवढंच सांगते की त्या दिवशी वांग्याची भाजी होती आणि त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली होती.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला माझा फोन बंद पडला. नवा घेतला. नव्या फोनमध्ये पाकिटाचं ॲप घातलं, तर ते बारा शब्द मागायला लागलं. लॉकरला जायचं म्हणजे कॉलेजातून अर्धी रजा. म्हटलं, पुढच्या शनिवारी धुळ्याला जायचंच आहे, नानांना विचारू.

त्या शनिवारी सकाळीच आईचा फोन आला.

"तू ये. हे काहीतरी बडबडताहेत."

"काय बडबडताहेत?"

"मला काय कळतंय? इंग्रजीत बोलताहेत. जन्मभर माझ्याशी कधी इंग्रजीत बोलले नाहीत आणि आता मला डाँकी म्हणताहेत."

मी मिळेल ती एसटी पकडली. एरंडोल येईपर्यंत आईचा पुन्हा फोन आला की शेजाऱ्यांनी रिक्षात घालून नानांना दवाखान्यात नेलंय आणि सलाईन लावलंय. एरंडोल ते धुळं हा रस्ता मी आयुष्यात कितीतरी वेळा केला असेल, पण त्या दिवशी मधली गावं कुठली कुठली आली ते मला सांगता येणार नाही. अर्धांगवायूचा झटका असेल, असं मी धरूनच चालले होते.

दवाखान्यात शिरले तर जिन्यातच आवाज आला. खणखणीत, तार ऑफिसातला.

"बनाना स्टॉप. अंकल स्टॉप..."

सहा खाटांची खोली होती. नाना खिडकीजवळच्या खाटेवर होते, हाताला सलाईन, डोळे छताकडे. दुसऱ्या हाताचं बोट गादीवर ठोकत होतं. बारा शब्द संपले की ते थोडं थांबत आणि पहिल्यापासून सुरू करत. आई पायथ्याशी पदर तोंडाला लावून बसली होती. उरलेल्या पाच खाटांवरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक शांतपणे ऐकत होते.

"नाना," मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "मी आलेय. आता म्हणू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही कळलं नाही. "विंटर," ते म्हणाले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सांगितलं की रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांचं होतं असं. त्यात नानांनी कुठलासा व्हिडिओ बघून ब्लडप्रेशरसाठी मीठ पूर्ण बंद केलं होतं आणि पाणी तांब्यातांब्याने पीत होते. सोडियम गेलं की माणसाला भ्रम होतो, बरळतो. हळूहळू भरून काढायचं, घाई केली तर मेंदूला धोका.

मी दर वर्षी जून महिन्यात पोरांसमोर सोडियमचा तुकडा पाण्यात टाकून दाखवते. तो पेट घेतो, मुलं टाळ्या वाजवतात. माझे वडील वरण-भात अळणी खात होते हे मला माहीत नव्हतं.

"असंबद्ध बोलणं कधीपासून आहे?" डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं.

ते असंबद्ध नव्हतं. त्याच्याइतकं संबद्ध त्या दवाखान्यात काहीच नव्हतं. पण ते सांगायचं म्हणजे काय आहे तेही सांगावं लागलं असतं.

"आज सकाळपासून," मी म्हटलं.

मग त्या शब्दांचा दवाखान्यात उपयोगच होऊ लागला. नर्स तासातासाने येऊन विचारायची, "बाबांचं बनाना चालू आहे अजून?" चालू आहे म्हटलं की ती तसं लिहून घ्यायची. डॉक्टरांनीही मला समजावलं की हे बोलणं थांबलं की समजायचं, सुधारणा आहे. मला ते लवकर थांबायला हवं होतं, आणि माझी घाई बघून डॉक्टर म्हणाले की मुलींचा बापावर फार जीव असतो.

शेजारच्या खाटेवर काविळीचा एक पेशंट होता आणि त्याच्याजवळ त्याचा जावई बसलेला. जावई कांद्याची पिकअप चालवायचा. बोलका माणूस. त्याने आईला घरून आलेल्या डब्यातली भाकरी दिली, मला खुर्ची दिली, आणि नानांबद्दल त्याला भलताच आदर वाटत होता.

"कोठे व्हतात बाबा? कलेक्टर ऑफिसमा?"

"तार ऑफिसात," मी म्हटलं.

"तरीच. इंग्रजी एकदम पक्की शे."

दुपारी आईचा फोन वाजला. सोनगीरहून तिचा भाचा बोलत होता. आईने ऐकून घेतलं आणि फोन माझ्याकडे दिला. "तूच बोल. मला काही समजत नाही काय म्हणतोय."

भाचा म्हणत होता की आत्या, नानांची तब्येत कशी आहे, आम्ही व्हिडिओ पाहिला.

जावई सोनगीरजवळचाच निघाला. सकाळी त्याने नानांचा व्हिडिओ काढला होता आणि गावच्या ग्रुपवर टाकला होता. वाईट हेतू अजिबात नव्हता. म्हाताऱ्या माणसाला भ्रमातसुद्धा अस्खलित इंग्रजी येतं हे चार लोकांना कळावं, एवढंच. मी त्याला विचारलं तेव्हा त्याने स्वतःच कौतुकाने दाखवला. नाना छताकडे बघून बोलत होते, बाराच्या बारा, स्टॉपसकट. खाली सगळ्यांनी टाकलेल्या हसणाऱ्या आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग होती.

"ग्रुपमा बठ्ठासले आवडना, ताई," तो म्हणाला.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. 

"ग्रुपमध्ये किती लोक आहेत?"

"अख्खं सोनगीर."

"मग पैसे लगेच नव्या पाकिटात हलवायला हवेत."

"जुनं पाकीट उघडायला जुने शब्द लागतील. माझ्या नव्या फोनमध्ये ते नाही."

"शब्द नानांकडे आहेत ना?"

"तेच तर ते सांगताहेत सकाळपासून!"

"मग लिहून घे," तो म्हणाला.

मी आत जाऊन खाटेजवळ बसले. पण तोवर नानांचा आवाज उतरला होता, मधले शब्द पुटपुटण्यात जात होते. शेवटी मी जावयाला म्हटलं की तो व्हिडिओ मला पाठवाल का. तो खूश झाला. मग म्हटलं की मला पाठवून झाल्यावर ग्रुपमधून काढून टाकाल का. तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"काही चुकनं का, ताई?"

"नाही हो. आईला बरं वाटत नाही."

त्याने लगेच काढला. दोनदा माफी मागितली. मग जरा वेळाने म्हणाला की त्याने काढला, पण चार-पाच जणांनी पुढं पाठवलाय, त्यांचं काय करू. मी म्हटलं राहू द्या.

दवाखान्याच्या उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मी कानात इयरफोन घातले आणि वडिलांचा आवाज ऐकत एकेक शब्द फोनमध्ये टाकला. ॲप एकेक शब्द स्वीकारत गेलं. बारावा टाकला आणि त्याने सांगितलं की हे शब्द चुकीचे आहेत. पुन्हा ऐकलं, पुन्हा टाकले. पुन्हा तेच. आई चहा घेऊन समोर येऊन बसली.

"काय ऐकतेस?"

"नानांनाच."

"ते वर आहेत की," आई म्हणाली. माझ्याकडे तिने जरा निरखून पाहिलं. सोडियम माझंही कमी झालंय की काय, असं तिला वाटलं असावं. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. बिटकॉइन म्हणजे काय यात तिला रस नव्हता. तिने एकच विचारलं.

"म्हणजे गच्चीवर हे म्हणायचात तुम्ही?"

"हो."

"मला वाटलं मलाच काही मोठा आजार झालाय. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय आणि मला सांगत नाहीत." ती चहा प्यायली. "दोन वर्षं मी त्याच काळजीत होते."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला.

लॉकरची किल्ली माझ्या पर्समध्ये, म्हणजे धुळ्यात होती. रविवारी नवरा नानांना बघायला आला आणि किल्ली घेऊन गेला. सोमवारी बँक उघडताच त्याने कागद काढला. फोनवर वाच म्हटलं तर वाचेना. त्याचं म्हणणं, एक चूक पुरे. तो कागद घेऊन पुन्हा धुळ्याला आला. व्हरांड्यातल्या बाकावर बसून आम्ही कागद आणि व्हिडिओ ताडून पाहिले. अंकल आणि लॅडर यांची अदलाबदल झाली होती. कागदावर लॅडर आधी होता, व्हिडिओत अंकल. बाकी सगळं बरोबर.

म्हणजे सोनगीरच्या ग्रुपमध्ये गेलेलं कुणाच्या फारसं कामाचं नव्हतं. अर्थात कुणी मनावर घेतलं असतं तर जागा बदलून बघता आल्या असत्या, पण सोनगीरला त्या दिवसांत कांद्याचा भाव पडला होता आणि लोक दुसऱ्या विचारात होते. आम्ही जुनं पाकीट उघडलं, होतं ते सगळं नव्या पाकिटात हलवलं आणि जुनं रिकामं केलं. ते शब्द मी इथं मोकळेपणाने लिहितेय ते त्यामुळे.

त्याच संध्याकाळी नानांची बडबड थांबली. मंगळवारी सकाळी ते उशीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, आणि त्यांनी मला नावाने हाक मारली. मग आईला विचारलं की गॅस बंद करून आलीस का. मला रडू आलं. डॉक्टर समाधानाने मान हलवत होते, तेवढ्यात नर्स आली आणि हसून म्हणाली, "काय बाबा, आज बनाना नाही?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी नजर खाली केली, आणि त्यांना कळलं.

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवण आलं तर नको म्हणाले. डॉक्टर मीठ आवर्जून खा म्हणत होते आणि ताटात पापड होता, लोणचं होतं, पण ते उठलेच नाहीत. मी समजावत राहिले की शेजारच्या जावयाने व्हिडिओ काढला खरा, पण पैसे सुरक्षित आहेत, पाकीट बदललं, काही नुकसान झालं नाही. त्यांना पैशाशी घेणंदेणं नव्हतं. शेवटी भिंतीकडे बघतच म्हणाले, "इतक्या वर्षांत एक तार तोंडातून गेली नाही. लोकांच्या पोरी पळून गेल्याच्या तारा आल्या. दिवाळं निघाल्याच्या आल्या. समोर बसून त्यांच्याबरोबर चहा प्यालो. एक शब्द नाही. आणि स्वतःच्या पोरीची..."

"नाना, गेलेली नाही ती. तुम्ही चुकीची सांगितलीत."

हे बोलायला नको होतं की हवं होतं, मला अजून कळत नाही. ते वळले.

"चुकीची?"

"दोन शब्द उलटे झाले होते."

"कोणते दोन?"

"अंकल आणि लॅडर."

त्यांनी डोळे मिटले. चादरीवर बोट ठोकलं, थांबलं, पुन्हा ठोकलं. "लॅडर आधी," ते म्हणाले. "बरोबर. लॅडर आधी." मग डोळे उघडले. "म्हणजे त्या पाहुण्यांच्या व्हिडिओचा उपयोग नाही कुणाला."

"नाही."

त्यांचा चेहरा सैल झाला, पण क्षणभरच.

"पण तार चुकीची गेली," ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

 गुपित राखलं म्हणावं तर स्मरणशक्ती गेली असा अर्थ होत होता, आणि स्मरणशक्ती शाबूत म्हणावं तर गुपित गेलं. तेव्हा आई खुर्चीवरून उठली. आई अहिराणी बोलते ती सोनगीरला, नाहीतर फार संतापली तर. नानांशी ती त्या भाषेत बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

"मना बाप गया तवय तुमी पोटभर जेवनात," ती म्हणाली, "पन एक शब्द बोलनात नही. आते बोलनात, ते काय बिघडनं कोनं?"

सगळी खोली ऐकत होती. जावयाने फोन खिशात घातला.

नाना वळले नाहीत. आई तशीच उभी होती. मग तिने ताट उचललं, खाटेच्या कडेला बसली आणि वरणभात कालवला. एक घास त्यांच्या तोंडाशी नेला. "उठा," ती आता साध्या मराठीत म्हणाली. "मीठ आहे त्यात."

ते उठून बसले. तिच्या हातून नाही, स्वतःच्या हाताने जेवले. जेवताना एकदा ताटाकडे बघतच म्हणाले, "त्या दिवशी मी दुसऱ्यांदा भाजी मागितली, कारण उठलो असतो तर तू विचारलं असतंस, काय झालं म्हणून."

 आईने पापड मोडून त्यांच्या ताटात ठेवला.

आठवड्याअखेर त्यांना घरी सोडलं. नव्या पाकिटाचे नवे बारा शब्द झाले. पहिली प्रत पुन्हा लॉकरमध्ये. दुसरीसाठी नवऱ्याने ते एका स्टीलच्या पट्टीवर स्वतः ठोकून घेतले, पट्टी डबीत घातली, डबीचं झाकण डाख मारून पक्कं बंद करून घेतलं आणि ती फैजपूरला बहिणीकडे दिली. हे फेकायचं नाही, असं तिला तीनतीनदा बजावलं. तिने विचारलं, आत काय आहे? तो म्हणाला, इंग्रजी शब्द. तिने डबी देवघरात ठेवली आहे आणि तिला रोज हळदकुंकू लागतं, असं कळतं.

नानांनी नव्या शब्दांविषयी एकदाही विचारलं नाही. मीही काढलं नाही. धुळ्याला गेले की आम्ही आता गच्चीवर जात नाही. खालीच बसतो, आईसमोर. ते बरे आहेत. थोडे हळू झालेत, औषधाच्या वेळा आई सांभाळते.

वेगळं एवढंच झालंय की ते आईला तारा सांगायला लागलेत. रोज नाही, मनात येईल तेव्हा, चहाच्या वेळी. ज्यांच्या होत्या ती माणसं आता नाहीत, घरं विकली गेलीत, मुलं कुठं कुठं गेलीत. तरी ते आधी दार लोटून घेतात. मला हे आईनेच फोनवर सांगितलं.

"आज आपल्या गल्लीतल्या एकांची सांगितली," ती म्हणाली. "त्या वेळी मी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जायचे गं. मला वाटायचं किती सुखाचं घर आहे."

"कुणाची? काय झालं होतं?"

"ते मी तुला नाही सांगायची," आई म्हणाली, आणि येताना जळगावहून भरताची वांगी घेऊन ये म्हणून सांगितलं.